हळू बोलणारी यंत्रं

६ एप्रिल

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

समुद्राच्या तळाशी ठेवलेल्या, तू बनवलेल्या यंत्रांच्या बॅटऱ्या बुडी मारून पुन्हा बदलून आलो. परवा त्यांनी तेलाची गळती वेळेत पकडली, तेव्हा बोटीवर मी कॉलर ताठ करून हिंडलो!

तुझी वहिनी कळवू नका म्हणते, पण लपवून काय होणार? डावा कान गेला. आता खोल बुडी मारली तर उजवाही जाईल, असं डॉक्टर म्हणतात. थंडीत बॅटऱ्या पुन्हा संपतील आणि इथे दुसरा पाणबुड्या नाही. तू मात्र जिवाला लावून घेऊ नकोस.

माया आहेच, ती पत्रातून पोचत राहो.
तुझा दादा

१९ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून तुझाच राग आला. रडून झाल्यावर कामाला बसले, तर चूक माझीच निघाली. यंत्रं एकमेकांशी आवाजाने बोलतात आणि बॅटरी बोलण्यातच सर्वात जास्त खर्च होते. आपल्या घरात हळू कोण बोलतं? शेजारच्या खोलीत हाक मारायची तीही चार घरं ऐकतील अशी! मी यंत्रांनाही तेच वळण लावलं होतं.

आता ती फक्त जवळच्याला ऐकू जाईल इतकंच बोलतील आणि सांगण्यासारखं नसेल तेव्हा झोपतील. सगळ्यांचे निरोप किनाऱ्याकडे पोचवायचं काम एकच यंत्र करून दमायचं, ते आता तीन यंत्रं आळीपाळीने करतील. या सूचना तुमच्या बोटीवर पाठवल्यात, तिथून त्या आवाजानेच खाली यंत्रांना पोचतील, बुडी नको. बॅटऱ्या नाहीच टिकल्या, तरी तू पाण्यात उतरायचं नाहीस. वहिनीला सांगितलंय, दादाला खुर्चीला बांधून ठेव.

रागावलेय, तरी आशीर्वाद हवेत.
तुझी ठमी

२ जानेवारी

चि. ठमीस,
आशीर्वाद, आणि यंदा नमस्कारसुद्धा.

बॅटऱ्या अजून निम्म्याहून जास्त भरलेल्या आहेत. बुडी रद्द! बहीण असावी तर अशी, असं कप्तान म्हणाले. मी म्हटलं, नजर लावू नका.

काल कप्तानांनी पाण्यात माईक सोडला आणि हेडफोन माझ्या उजव्या कानाला लावला. इतकी वर्षं यंत्रं हाताळली, पण त्यांचं बोलणं कधी ऐकलं नव्हतं. आधी नुसती शांतता. वाटलं, हाही कान गेला की काय! मग बारीकशी टिकटिक आली आणि लांबून दुसऱ्याचं उत्तर. सगळ्यांसमोर रडलो. ठमे, मला ऐकू आलं.

तुझा,
दादा