रोलरची जाळी

९ डिसें., सोम.
पाचगणीच्या स्ट्रॉबेरीच्या खोक्यांची ऑर्डर. शनिवारी माल द्यायचा. या खेपेचा कागद हलका, तापलेल्या दातेरी रोलरांतून पुठ्ठ्याच्या लाटा पडतानाच फाटतो. तुकडे आत अडकले की मशीन बंद, पुढची जाळी उघड, तुकडे काढ, जाळी परत बसव. दिवसभर हेच. डोकं उठलं.

१० डिसें.
जाळीचे बोल्ट काढून जाळीच बाजूला ठेवली. मीच. कुणी सांगितलं नव्हतं. मारुती अकरा वर्षं माझ्यासोबत त्याच मशीनला कागद लावतोय. म्हणाला, "दादा, नगा काढू. हात जाईल येखाद्याचा."
म्हटलं, "शनिवारपर्यंतच रं."
काम मात्र पळालं.

१२ डिसें.
मारुतीचा उजवा हात रोलरमध्ये गेला. चहाच्या सुट्टीआधी. तुकडा ओढायला गेला होता. मी लाल बटण दाबलं, पण तोवर

विश्रामबागेतला दवाखाना. चारी बोटं काढावी लागली. अंगठा आहे.

१३ डिसें.
जाळी परत बसवलेली दिसली. कुणी बसवली, विचारलं नाही.

१४ डिसें., शनि.
माल वेळेत गेला.
मॅनेजरनं केबिनमध्ये बोलावलं. सरकारी साहेब चौकशीला येणारेत. कागद टाइप करून तयार होता : जाळी मारुतीनं स्वतः काढली. "त्याचा हात गेलाच आहे. तुझी नोकरी तरी राहू दे."
सही केली.

१५ डिसें.
दवाखान्यात गेलो. मारुतीची बायको सखूबाई पाया पडायला वाकली. "तुमी मशीन थांबवलं म्हनून मानूस राह्यला, दादा."
मारुती छताकडं बघत होता. तिला बोल्टचं काही सांगितलेलं नाही त्यानं.


२३ डिसें.
मॅनेजरकडे गेलो. म्हटलं, तो कागद बदलायचाय, जाळी मी काढली.
"पुढं गेला तो कागद. आता खोटं लिहून दिलं म्हणून तूही अडकशील." मग हळूच, "चूक त्याचीच ठरली. भरपाई न्हाई मिळायची त्याला. कामावर घ्यायचा तर प्रश्नच न्हाई."
मारुतीच्या जागी नवा माणूस आलाय. कागद चांगला लावतो.

५ जाने., रवि.
एस.टी.नं आटपाडीकडे, मारुतीच्या गावी. अंगणात बसला होता, डाव्या हातानं सदऱ्याचं बटण लावत. मदत करायला वाकलो, तर मागं सरकला.
सगळं सांगितलं. सहीचंपण. सखूबाई दारातच उभी होती. ऐकून आत गेली, परत बाहेर आली नाही.
मारुतीनं राहिलेलं बटण लावलं. मग म्हणाला, "सही करताना हात थरथरला का तुमचा?"
खोटं बोलता आलं असतं.
"न्हाई," म्हणालो.
"मग आता का आलाय?"
सरकारी साहेबांच्या नावानं लिहिलेला अर्ज दाखवला : जाळी मी काढली. त्यानं वाचला नाही. उठला, मेंढरांकडं गेला. तासभर थांबलो. मग एस.टी.ची वेळ झाली.

६ जाने.
पहिल्या पाळीला हजर. अर्ज खिशात. साहेबांचं ऑफिस पाचला बंद होतं, आपली पाळी तीनला सुटते.