मोठ्या लाटेच्या पुढची लहान लाट

सर, तुमचा शेवटचा रिसर्च पेपर चुकला आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तो आता कोणी उघडूनही बघत नाही. पण माझी एक विद्यार्थिनी आहे, मानखुर्दहून घाटकोपरला आमच्या कॉलेजात येते, आणि तुमच्यासारखीच नको तिथे नाक खुपसते. काल ती लॅपटॉप घेऊन आली. "सर, ही पुढची छोटी लाट खरी नाहीये. डब्यामुळे येतेय. मी डबा दुप्पट लांब केला ना, तर गायबच!" मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "सॉरी सर. तुमच्या सरांचा पेपर आहे, माहितीये मला."

डबा म्हणजे संगणकातली ती जागा, जिच्यात आपण प्लाझ्मा, म्हणजे विजेने भारलेला वायू, पाण्यासारखा वाहता धरून समीकरणं सोडवतो. त्यात एकच उंचवटा, म्हणजे मोठी लाट, उठतो आणि आकार न मोडता चालत राहतो. बारीकसारीक लाटा मागे रेंगाळतात. पण डब्याच्या उजव्या टोकातून जे बाहेर पडतं ते डाव्या टोकातून परत आत येतं, सगळा घोळ तिथे. मी नवखा असताना मलाही मोठीच्या पुढे लहान लाट दिसली होती आणि मी नाचतच मुलुंडला तुमच्या स्वयंपाकघरात आलो होतो. तुम्ही कांदा चिरत होतात, मानही वर केली नाहीत. "बागेत चकरा मारताना मागे टाकलेले आजोबा परत पुढे दिसतात, म्हणून काय ते तुझ्यापेक्षा जोरात चालतात? गाढवा, डबा वाढव." मग मला पोहे वाढलेत आणि खाऊन होईपर्यंत बोलत राहिलात.

आणि तेच तुम्ही हॉस्पिटलच्या खाटेवर, नाकात नळी, माझ्या मांडीवर लॅपटॉप, मला म्हणता, "डबा लहान कर रे. एवढं लांब गणित संपेपर्यंत मी नाही थांबणार." मी करतो. उत्तर लवकर येतं, मोठीच्या पुढे एक लहान लाट. तुमची नजर तोवर अधू झाली होती. "नवीन काही दिसलं का?" "दिसली, सर. पुढे एक लहान लाट आहे." तुम्ही हसलात. त्या आजारात तुम्हाला हसताना मी तेवढंच पाहिलं. ती लाट तपासावी हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मी तुमच्या तोंडाकडे बघत होतो. त्याच आठवड्यात तुम्ही गेलात, आणि ती लाट घालून तुमचा पेपर मी तसाच छापायला पाठवला.

आज दुरुस्तीचं पत्र जर्नलला पाठवलं. तिचं नाव आधी, माझं नंतर. तिची पीएचडी यावर उभी आहे, आणि यापुढे तुमच्या नावाशेजारी ही चूक कायमची छापलेली राहणार. "तुमच्या सरांना राग आला असता?" तिने विचारलं. "छे गं, खूश झाले असते," मी म्हटलं, आणि ते खरंच आहे. राग मला आलाय, सर. तिच्यावर नाही. तुमच्या वाट्याला शेवटी ही खोटी लाट आली आणि ते जगाला सांगायला मीच उरलो, याचा.

हे तुम्हाला लिहिलेलं पाठवायचं तरी कुठे? तपासल्याशिवाय हो म्हणायचं नाही, एवढं एकच तुम्ही मला जन्मभर शिकवत राहिलात. तरी सांगतो, हॉस्पिटलमधल्या त्या दुपारी ती लाट खोटी आहे हे मला कळलं असतं, तरीही मी "दिसली" असंच म्हटलं असतं.