मामंजींचं उभ्यानं जेवण

जबलपूर, मंगळवार, माघ वद्य पंचमी

आज मामंजींचं तेरावं झालं. पाय भरून आलेत, पण हे मनातून जात नाही.

माझे सासरे तरुणपणी गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, त्रिनिदादला गेले, दहा वर्षं ऊस तोडून आले. तिथं मुकादम बसून जेवू देत नसे. परत आल्यावरही तीच सवय. शहपुऱ्याच्या शेतात दिवसभर राबून यायचे आणि दाराला टेकून, ताट हातात घेऊन उभ्यानंच जेवायचे. सारे हसत. मीही हसले आहे.

आज त्यांचं पान पाटासमोर वाढलं, ते मला खोटंच वाटलं. मी पान उचलून दाराशी तिवईवर ठेवलं.

“वहिनी, हे काय करून राहिली तू?” वन्सं रागावल्या. यांनी पान पुन्हा खाली ठेवलं.

पंगती उठल्यावर मी चुलीपाशी उभ्यानंच दोन घास घेतले, नेहमीसारखे. तिसऱ्याला हात थांबला. अशा वेळी दारातून मामंजी म्हणायचे, “सूनबाई, तू तरी बसून जेव.”

आज घर माणसांनी भरलं होतं. कोणी म्हणालं नाही.