सुमनच्या दुकानाचं हाफ शटर

प्रिय सुमन,

तुला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. लग्नानंतर आपण कधी इतके लांब राहिलोच नाही की पत्र लागावं. पण आज सकाळी जनी दुकानात येऊन गेली आणि उद्या तुझ्या दुकानाचं शटर पुरं वर करायचं ठरलं. दुकान तुझं. तेव्हा तुला न कळवता करणं बरं दिसलं नसतं.

तू श्रावणात गेलीस. आता दसरा होऊन गेला, भात कापणीला आलं, जव्हारच्या बाजारात पणत्या दिसायला लागल्या, आणि तुझं शटर अजून हाफच आहे. बघ, मीसुद्धा आता हाफ म्हणायला लागलो. जन्मभर तुला 'अर्धं म्हण, अर्धं म्हण' म्हणून टोकणारा मी!

किती ठिकाणी वापरायचीस तू तो शब्द. ब्लाउजला हाफ बाही. शाळेच्या पोरांना हाफ पँट. थंडीत माझ्या अंगात तू विणलेला हाफ स्वेटर. शनिवारी शाळा सकाळची, म्हणजे मास्तरांचा हाफ डे. स्टँडवरच्या हॉटेलात शिरलो की आत पोचायच्या आधीच तुझी ऑर्डर, 'दोन हाफ, साखर कमी.' मी म्हणायचो, अगं, अर्धा कप चहा म्हणावं. तू म्हणायचीस, 'तुम्ही अर्धा म्हणा, मला हाफ मिळतो.'

एसटीत बायकांना हाफ तिकीट झालं, त्या आठवड्यात आपण मोखाड्याच्या बाजाराला चाललो होतो. आठवतं? म्हाताऱ्यांना सवलत आधीपासून होतीच. कंडक्टर गाडीच्या मध्यावर उभा राहून ओरडला, 'हाफ कोण कोण?' आणि गाडीभर हात वर झाले. तू मागे वळून सगळीकडे पाहिलंस आणि त्याला विचारलंस, 'दादा, अख्खी गाडीच हाफ आहे, मग मोखाड्यापर्यंत नेणार ना?' तो म्हणाला, 'आजी, घाटापर्यंत नेतो, पुढे ढकला.' गाडी हसली. मी खिडकीबाहेर बघत होतो. मला तुझं ते चारचौघांत बोलणं तेव्हा फारसं आवडायचं नाही. आता त्या गाडीत कुणी बोलत नाही असं नाही, बोलतात. मी ऐकतो. बरं असतं तेही.

शेजारच्या गल्लीत भावाभावांची मारामारी झाली, तेव्हा सगळा बाजार म्हणत होता, हाफ मर्डरची केस लागली. तू मशीन थांबवून मला विचारलंस, 'हाफ मर्डर म्हणजे काय हो? ज्याला लागलं त्याला तर पुरंच लागलं असेल ना?' मी शिकलेला माणूस, शब्दकोश काढून बसलो. आणि मी दारात उभा राहून पाचवीच्या पुस्तकातली कविता चालीवर म्हणायचो, तेव्हा समोरची भांडीवाली मला हाफ मेंटल म्हणायची. तू तिला म्हणालीस, 'हाफ नाही गं, आमचे पुरे आहेत.' ही माझी बाजू घेतलीस की तिची, ते मला अजून कळलेलं नाही. सांगून जायला हवं होतंस.

एकदा मात्र मी तुला पकडलं होतं. म्हटलं, सुमन, अर्धा चंद्र म्हटलं की कसं डोळ्यांपुढे आभाळ येतं. आता हाफ चंद्र म्हणून बघ. हाफ भाकरी म्हणून बघ. कवितेत बसतो का तुझा हाफ? तू दातात धरलेली सुई काढलीस आणि म्हणालीस, 'कवितेत बसत नसेल. ब्लाउजमध्ये बसतो.'

मग थोड्या वेळाने, मशीन चालवता चालवताच म्हणालीस, 'अर्धं म्हटलं की वाटतं, बाकीचं राहिलं. हाफ म्हटलं की वाटतं, तेवढंच हवं होतं.'

मी इतकी वर्षं मुलांना शब्द शिकवले, समानार्थी शब्दांच्या जोड्या लावायला दिल्या. 'अर्धा' आणि 'हाफ' यांची जोडी मी डोळे मिटून लावली असती. आता दुपारी दुकानात बसलो की हेच मनात घोळवत राहतो. अर्धी भाकरी ताटात उरते, ती कुणालातरी कमी पडलेली असते. हाफ राइस आपण मागून घेतो. अर्धा दिवस वाया जातो. हाफ डे मिळतो. शिरपामाळ बघायला आलेल्या पाहुण्यांना आपला जीपवाला सांगतो, 'हाफ डे मारा साहेब, सगळं दाखवतो,' आणि ते खूश होऊन जातात. त्यांना कुणी सांगितलं की अर्धाच दिवस दाखवतो, तर उतरून जातील.

दुकानात बसतो म्हणालो, ते कसं, हे तुला माहीत नसेल.

तुला नेलं तेव्हा आम्ही बाजारातूनच गेलो. आपल्याकडची रीत तुला मी काय सांगावी? माणूस बाजारातून शेवटचा चालला की दुकानदार शटर हाफ घेतात. पुढून खर्र खर्र आवाज येत होता आणि एकेक शटर कमरेपर्यंत उतरत होतं. कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्याने शटर हाफ घेतलं, पण आत भजी तळणं थांबवलं नाही. वास येत होता. मला त्याचा राग आला नाही. तुला ती भजी आवडायची. सगळं मी असं बघत चाललो होतो, जसं कुणा दुसऱ्याच्या घरचं असावं. रडू आलं नाही. अजूनही येत नाही, बघत बसतो.

आपण पुढे गेलो की मागची शटरं वर गेली. तुझ्या दुकानाचं मात्र राहायचं होतं. ज्याचं माणूस गेलं त्याचं शटर शेजाऱ्याने हाफ घ्यायचं, आणि तेरावं झालं की त्यानेच नारळ वाढवून वर करायचं. घरच्याने हात लावायचा नाही. शेजारी आपला उत्तमशेठ, बादल्या-दोऱ्या विकणारा. त्याने शटर घेतलं खाली. पण तेराव्याच्या आधीच त्याच्या लेकीचं नाशकात ऑपरेशन निघालं आणि तो गेला तिकडे. तेरावं झालं. शटर वर करणार कोण? मी वाट बघितली. मग एक दिवस सहज वाकून आत गेलो आणि तुझ्या मशीनपाशी बसलो. गारवा होता. दुसऱ्या दिवशी पाठ्यपुस्तक घेऊन गेलो. मग रोजच.

सुमन, मला ते आवडायला लागलं होतं, खोटं कशाला सांगू. खालून उजेड येतो, वर अंधार. लोकांचे नुसते पाय दिसतात. चपला बघून माणूस ओळखायचा. मी जुन्या कविता हळू आवाजात म्हणतो. 'तुमच्या कवितांपायी माझे टाके चुकतात' म्हणून ओरडणारं कुणी नाही. बायका येत, शटरापाशी वाकून बघत, 'मास्तर, बरे आहात ना?' विचारत आणि जात. मला वाटायचं, किती माया आहे लोकांना. त्यांचे ब्लाउजपीस तुझ्या कपाटात पडून आहेत आणि शटर हाफ असताना मागायचे कसे म्हणून त्या नुसतं बरं-वाईट विचारून जातात, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. उत्तमशेठ परत आला. त्यानेही काही म्हटलं नाही. मीही नाही.

आज जनी आली.

तुझ्या हाताखाली शिकलेली आपल्या साखरशेतची जनी. तू गेल्यापासून तेराव्याला तेवढी दिसली होती. मी समजत होतो, तिला तुझी खुर्ची बघवत नसेल. ती वाकून आत आली आणि स्वतःच्या स्टुलावर न बसता उंबऱ्यावर टेकली.

'बस की वर,' मी म्हटलं.

'नाय, इथंच बरी. मास्तर, सांगायला आले. दिवाळी झाली का आम्ही नवरा-बायको जगायला जातो. भिवंडीकडं, वीटभट्टीवर.'

जगायला जाणं हा आपल्याकडचाच शब्द. गाव सोडून कामावर जायचं, त्याला लोक जगायला जाणं म्हणतात. जनी मशीन शिकली तेव्हापासून तिचं घर जगायला गेलेलं नव्हतं. तुला केवढा अभिमान होता त्याचा. तू कुणाकडे बोलून दाखवला नाहीस, पण पावसाळा सरला की तिला विचारायचीस, 'यंदा पण इथेच ना?' आणि ती 'इथंच' म्हणाली की तुझं मशीन जरा जोरात चालायचं.

मी म्हटलं, 'सोमा जाईल तर जाऊ दे. तू कशाला?'

'मी काय करू इथं? मशीन बंद. बंद मशीनवर बसून तुमच्या कविता ऐकू?'

'मग आधी का नाही सांगितलंस? आता दसरा होऊन गेला.'

'कव्हा सांगू? शटर हाफ हाये. हाफ शटरात धंद्याचं काढायचं नसतं. तुम्हीच म्हटलं असतं, बाईला जाऊन दिवस झाले नाय नि हिला मशीन सुचतं.'

'मी असं म्हटलं असतं?'

'तुम्ही नाय. बाजार म्हणाला असता.'

मी म्हटलं, 'मला वाटलं, तुला बाईंची खुर्ची बघवत नाही.'

'नायच बघवत,' ती म्हणाली. 'म्हणून काय बायकांनी दिवाळीला जुने ब्लाउज घालायचे?'

हे तुझंच बोलणं, सुमन. शिवण शिकवलीस ती शिकवलीस, वर हेही शिकवलंस.

मी बाहेर आलो. किती दिवसांनी त्या वेळेला बाहेर आलो असेन, ऊन डोळ्यांत गेलं. उत्तमशेठ बादल्या रचत होता. त्याला म्हटलं, 'शेठ, आमचं शटर तुमच्याकडे राहिलंय.'

त्याने हातातली बादली खाली ठेवली. 'मास्तर, मी आलो तेव्हापासून नारळ आणून ठेवलाय. घरातल्यांनी त्याची चटणी करायची म्हणून दोनदा मागितला. पण तुम्हीच रोज वाकून आत जाता. मला वाटलं, माणसाला अंधार पाहिजे, आपण कशाला त्याच्यावर उजेड पाडा?'

'मला वाटलं, तुम्हाला सवड नाही.'

'बादल्यांच्या दुकानात सवडीशिवाय असतं काय?'

जनी उंबऱ्यावर बसून हे ऐकत होती. ती तोंडावर पदर घेऊन हसली. किती दिवसांनी त्या दुकानात कुणी हसलं! शेठ तेव्हाच नारळ आणायला निघाला होता. मीच म्हटलं, उद्या सकाळी करू. एक दिवस मागून घेतला. हे पत्र लिहायचं होतं.

मी परत आत येऊन बसलो, तशी जनी जायला उठली. शटराखाली वाकता वाकता थांबली.

'मास्तर, कात्री नाय दिसत.'

'घरी आहे.'

'बाईंची ना? ती त्या कुणाला द्यायच्या नाय.'

'मलाही नाही. एकदा कागद कापला तर दोन दिवस बोलली नव्हती.'

'मग मी माझी घेऊन येईन. धार नाय तिला, पण चालंल.' आणि ती गेली. तिच्या चपला उत्तमशेठच्या दुकानापुढून स्टँडकडे गेल्या, तोवर मी बघत होतो.

सुमन, तुझी कात्री मी घरच्या कपाटात ठेवली होती, तुझ्या दोन साड्यांच्या मध्ये. ती तिथे का ठेवली, ते मला सांगता येणार नाही. तिथे तिचा काही उपयोग नाही. साड्यांनाही नाही. तू ती कुणाला दिली नाहीस, आणि जाताना तिचं काय करायचं हेही सांगितलं नाहीस. औषधं कुठे, दुधवाल्याचं काय, कोथिंबीर कुठून घ्यायची, सगळं सांगितलंस. कात्रीचं राहिलं. की मुद्दाम ठेवलंस, माझं मला कळावं म्हणून? तुझ्या बाबतीत मी कशाचीच खात्री देत नाही.

दुपारी मी ती काढली आणि बाजारात धारवाल्याकडे घेऊन गेलो. त्याने हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाला, 'मास्तर, हिला धार लावायची गरज नाही, बाई स्वतः लावून घेऊन गेल्या होत्या.' म्हटलं, तरी लाव. त्याने लावली. चाकावर ठिणग्या उडाल्या, मी जरा लांब उभा राहिलो.

तर आता तुला शब्द देतो. उद्या उत्तमशेठ नारळ वाढवेल, शटर वर जाईल, आणि मी ही कात्री जनीच्या हातात देईन. उसनी नाही, तिची म्हणून देईन. ती घ्यायला लाजेल, मागे सरेल. मी ठेवून मोकळा होईन. बायकांचे ब्लाउज दिवाळीच्या आधी निघतील की नाही ते मला माहीत नाही. सोमा भट्टीवर जाईल, तो थांबणार नाही. पण जनी थांबेल. दुकानात कापड आहे, हातात कात्री असेल, ती कापायला लागेल. तुझ्या खुर्चीवर बसायचं की आपल्या स्टुलावर, ते तिचं ती ठरवेल. मी त्यात बोलणार नाही. पुस्तक घेऊन ओट्यावर बसेन, आणि तिने सांगितलं तर काज-बटणं करून देईन. तुला कधी दिली नाहीत.

तुझा,
मास्तर