म्हातारीचो दात आणि पाच फ्लॉप्या

वेंगुर्ले,
१२ फेब्रुवारी २००६

ती. मथुराअक्का हीस,

धाकट्या दत्तारामाचा साष्टांग नमस्कार. आम्ही इकडे बरे आहोत, तुम्हीही तसेच असावे असं वेतोबाला सांगून ठेवलं आहे. तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींची साखर? (गोड बंद केलं असं फोनवर सांगतात, म्हणून विचारतो.) आपले आबा जेवतात, ओसरीवर बसतात, समुद्राकडे बघतात. बोलणं मात्र पावसाळ्यापासून जवळजवळ बंद होतं. ‘होतं’ का लिहिलं, ते सांगायला हे पत्र.

माझ्या टायपिंग क्लासात तो जुना कॉम्प्युटर होता ते तुला आठवत असेल. एक्क्याण्णव साली मी आबांना त्याच्यासमोर बसवून पाण्याखालच्या खडकांची नावं लिहून घेतली होती. कुठला खडक, किनाऱ्यावरचं काय काय एका रेषेत आलं की तो खाली असतो, सगळं. पाच मोठ्या, पापडासारख्या लवणाऱ्या फ्लॉप्या भरल्या. पुढे त्यांना बुरशी लागली (इथे चपलांना लागते, फ्लॉप्यांना का सोडेल), पण त्याआधी तुझ्या निकेतने त्या पुण्याला नेऊन त्यांच्या इमेज करून सीडीत ठेवल्या होत्या. इमेज म्हणजे फ्लॉपीचा जसाच्या तसा ठसा. ती सीडी मी कपाटात ठेवली आणि विसरलो.

गेल्या महिन्यात मासे विकणारी तुळसा दारात आली ती टोपली न उतरवताच. तिच्या मुलाचं, बाबलीचं, नवं जाळं ‘म्हातारीचो दात’ नावाच्या खडकात अडकून फाटलं होतं. म्हणाली, “दत्तारामानू, आबांका इचारा मगे, म्हातारीचो दात नेमको खंय आसा?” आबांना विचारलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. अक्का, साठ वर्षं समुद्रात काढलेल्या माणसाने अशी मान खाली घातलेली मी कधी पाहिली नव्हती. तुळसा दोन बांगडे ठेवून गेली. मी सीडी शोधायला घेतली.

आजच्या कॉम्प्युटरवर ते मराठी उमटत नाही, नुसत्या किडामुंग्या दिसतात. मराठी अक्षरांचं कार्ड क्लासातून घरी आणलेल्या त्या जुन्या कॉम्प्युटरच्या डब्यातच, आणि डबा फक्त फ्लॉपी खातो. म्हणजे सीडीतले ठसे पुन्हा फ्लॉप्यांवर उतरवणं आलं. कसालला परशुराम नावाचा रिपेअरवाला आहे, त्याच्याकडे मोठ्या फ्लॉपीचं यंत्र अजून चालतं. क्लासातल्या दुसऱ्या, बुरशी न लागलेल्या जुन्या फ्लॉप्या घेऊन गेलो. त्याने उतरवल्या, त्याच्याकडे उत्तम चालल्या. एसटीने घरी आणल्या तर आपला डबा घर्र घर्र करून नाही म्हणाला. पुन्हा कसाल, पुन्हा घर, पुन्हा नाही. (कंडक्टर आता मला न विचारता तिकीट फाडतो.)

तिसऱ्या खेपेला परशुरामाने डोक्याला हात लावला आणि समजावून सांगितलं. आपला डबा जुना, त्याची फ्लॉपीवर मजकूर लिहायची चाकोरी रुंद. त्याचं यंत्र नवीन, त्याची चाकोरी अरुंद. त्यामुळे नवीन मजकूर मधोमध उमटतो आणि दोन्ही कडांना जुना तसाच राहतो. आपला डबा वाचतो दोन्ही एकदम, मग त्याचा गोंधळ उडतो. (आपल्या दोन्ही काकी एकदम बोलायच्या तेव्हा आबांचा उडायचा तसा.) उपाय एकच, फ्लॉपी आधी पार कोरी करायची. त्याने जत्रेतल्या फुटक्या भोंग्याचं वाटीएवढं लोहचुंबक आणलं आणि ओवाळल्यासारखं एकेका फ्लॉपीवरून फिरवलं. वीस-पंचवीस वेढे. मग ठसे उतरवले. मी हात जोडूनच उभा होतो असं तो म्हणतो. मला आठवत नाही.

घरी आलो, पहिली फ्लॉपी घातली. डबा घरघरला, थांबला, आणि हिरवी अक्षरं वर आली. पंधरा वर्षांपूर्वी मीच टाइप केलेली, ऱ्हस्वदीर्घाच्या चुकांसकट. अक्का, बुरशीने खाल्लेली वस्तू पुण्याहून ठसा होऊन येते, कसालला पुन्हा देह धरते आणि आपल्या ओसरीवर बोलते, हे मी डोळ्यांनी पाहिलं. तुळसा आणि बाबली येऊन बसले होते. मी मोठ्याने वाचू लागलो, “म्हातारीचो दात. कळस आणि वाकडा माड एका रेषेत...”

“कळस न्हय,” मागून आवाज आला. आबा. “दीपमाळ. कळस धरलंस तर जाळा गेला समज. चूक लिवलंस तू.”

मी पुढचं नाव वाचलं, त्यांनी त्याच्या पुढची तीन सांगितली. बाबली वहीत लिहीत होता, तुळसा पदराने डोळे पुसत होती. एकेचाळीस खडक झाले. त्यातले सहा फ्लॉपीत नव्हतेच. बाबली दुसऱ्या दिवशी दीपमाळ धरून गेला आणि जाळं अखंड घेऊन आला.

सर्वांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
दत्ताराम

ता. क. निकेतला सांग, त्याच्या त्या सीडीला मी हळदकुंकू लावलं. (मागच्या बाजूला लावायचं नसतं हे नंतर कळलं.)

ता. क. २. परशुरामाने ते लोहचुंबक मला आठवण म्हणून दिलं. मी ते टीव्हीजवळ एका व्हिडिओ कॅसेटवर ठेवलं. ती निकेतच्या लग्नाची निघाली. आता त्यात अंतरपाट धरेपर्यंत सगळं नीट आहे, पुढे नुसती मुंग्यांची वरात. तुमच्याकडे दुसरी प्रत असेलच, असं लिहिणार होतो, पण ही म्हणते, गणपतीत बघायला म्हणून आणलेली तुमचीच ती. तेव्हा फोटोवाल्याकडे मूळ कॅसेट आहे का, ते तेवढं गुपचूप विचार. सूनबाई संचिताला एवढ्यात बोलू नकोस.

ता. क. ३. आबांना हे कळलं तर म्हणाले, “लगीन माका सगळा आठवता, लिवन घे.” डब्यासमोर बसलो लिहायला. चार पानं झाल्यावर लक्षात आलं की ते निकेतचं नव्हे, तुझं लग्न सांगतायत. मी थांबवलं नाही. सासरी जायला होडीत चढताना तू अजिबात रडली नाहीस, उलट काठावरून आबाच रडले, असं त्यात आहे. खरं की खोटं ते कळव, खोटं असेल तर दुरुस्त करून डबा बंद करतो.