ताईला वगळून

प्रिय ताई,

तुझे फोन मी मुद्दाम उचलत नाहीये. फोन बिघडलेला नाही, मी आजारीही नाही, तेव्हा शेजारच्या काकूंना माझ्या दारावर पाठवणं थांबव. बिचाऱ्या गुडघे धरून जिना चढून येतात. मी तुझ्यावर चिडले आहे. फोनवर चिडायला लागले की तू जेवलीस का म्हणून विचारतेस आणि सगळा राग वाया जातो. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही, म्हणून हे पत्र.

तुला वाटतं, कादंबरी लिहून झाली म्हणजे अवघड काम संपलं. मलाही तसंच वाटायचं. पहिल्या प्रकाशकाने बाड परत पाठवलं तेव्हा मी लावलेली चिकटपट्टी जशीच्या तशी होती. न उघडताच त्यांना ते पसंत पडलं नव्हतं. दुसऱ्या बाईंनी निदान वाचलं, पण घरातल्या माणसांच्या गोष्टी हल्ली कोण वाचतं, एखादा खून घाला म्हणाल्या. त्या क्षणी मला तो करावासाही वाटला होता, पण पुस्तकात नव्हे. तिसऱ्याने तर वर्षभर झुलवलं. फोन केला की अर्ध्यावर आलोय, संपतच आलंय. शेवटी एकदा त्याने विचारलं, तुमच्या कवितासंग्रहाचं नाव काय म्हणालात? मी कपाळावर हात मारून घेतला.

त्याच दिवशी माझ्याकडे गाडी शिकायला ते नेहमी ऐन चौकात गाडी बंद पाडणारे गृहस्थ होते. मी त्यांच्यावर अशी खेकसले की ते उतरून चालत घरी गेले. ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांनी मला केबिनमध्ये बोलावून समज दिली. स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात आणि आपल्या पायाखाली फक्त ब्रेक, अशी नोकरी इतकी वर्षं हसत केली मी. प्रकाशकांनी तेवढाही धीर शिल्लक ठेवला नाही.

आणि मग हे चौथे. कपाळावर चष्मा, टेबलावर कागदांचे ढीग, बसायला जागा करायची तर खुर्चीवरची पुस्तकं आपणच उचलायची. पण यांनी अक्षर न् अक्षर वाचलं होतं. बाबांची खाट सुरुवातीला खिडकीशी आहे आणि पुढे दाराशी कशी गेली, हेसुद्धा विचारलं. मला रडूच आलं गं. कुणीतरी खरंच वाचलं होतं. छापतो म्हणाले. आणि त्याच दमात म्हणाले, फक्त ही मोठी बहीण काढून टाका. अशी मुलगी असूच शकत नाही, वाचकाला पटणार नाही.

त्यांना न पटलेला प्रसंग तुला सांगायला नको. मला फळ्यावरचं दिसत नव्हतं आणि शाळेने मला मठ्ठ ठरवलं होतं. बाबा अंथरुणाला खिळलेले, आई रात्रपाळी करून नुकती झोपलेली, म्हणून पालक म्हणून तूच आलीस, आईच्या मापाचे कपडे आणि चपला घालून. मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या पडद्याची शिवण उसवली होती. तू पर्समधून सुई काढलीस आणि तो पडदा शिवता शिवता त्यांना फैलावर घेतलंस. पोर मठ्ठ नाही, तिचे डोळे तपासायला हवेत, एवढं तुम्हाला कळू नये? प्रकाशक म्हणतात, सोळा वर्षांची मुलगी असं वागते होय? पण मी शेजारी उभी होते. हात थरथरत होते म्हणून तू ते कामाला लावले होतेस, हे मला तेव्हाच दिसलं होतं, चष्मा नसतानासुद्धा.

हे सगळं मी तुला फोनवर सांगितलं, आणि तू काय म्हणालीस? मग काढ की मला, माझ्यावाचून काय अडतंय, पुस्तक येऊ दे आधी. वर शिलाई मशीन चालूच ठेवलंस, कुणाचे तरी पडदे द्यायचे होते म्हणे.

माझ्यावाचून काय अडतंय! बरं, म्हटलं, बघू या. बसले तुला काढायला. दुसऱ्याच प्रकरणात बाबांना कुशीवर वळवायला कुणी नाही. आई कामावरून येते तर आतून दार उघडायला कुणी नाही, ती पायरीवर बसून राहिली आणि मला पुढचं वाक्य सुचेना. मला गोवर झाला होता त्या प्रकरणात तर कहर झाला. उशाशी बसायला कोणी नसल्यामुळे मी चक्क मेले! आता मेलेली मुलगी पुढची कादंबरी सांगणार कशी? म्हणून परत सगळीकडे तुला आणून बसवलं, तेव्हा कुठे घर हललं.

तू हे नेहमीच करत आलीस. घरी एकीने थांबायला हवं होतं, तर तुझं दप्तर खुंटीला लागलं ते कायमचं. सगळे नीट यावेत म्हणून कॅमेरा तूच घ्यायचीस, त्यामुळे आपल्या घरच्या एकाही फोटोत तू नाहीस. आणि आता जिथे मी तुला पहिल्यांदा धरून मधोमध उभं केलं, तिथूनही निघालीस! मला पुस्तक हवंय, ताई, जीव तुटतो माझा त्याच्यासाठी. पण छापलं तर तुझ्यासकट.

सोमवारी प्रकाशकांना उत्तर द्यायचं आहे. नकार लिहून टाकणार होते, मग त्यांची खोली आठवली. खिडकीला निळा पडदा आहे आणि त्याची खालची शिवण उसवून लोंबते आहे. तर तू माझ्याबरोबर चल. मला काय कळतं त्यातलं, हे म्हणायचं नाही. माझ्या वतीने एक शब्द बोलायचा नाही, नुसतं खुर्चीवर बसायचं. तो पडदा तसा लोंबत ठेवून तुला स्वस्थ बसवणार नाही, मला खात्री आहे, आणि त्यांना तेवढंच बघू दे. सुई तुझ्या पर्समध्ये असतेच. निळा दोरा तेवढा आठवणीने घे.

तुझीच,
शेपूट