दोनशे बारा किलोमीटरचा फेरा

सोमवार, ७
१. नव्या नोकरीतला पहिला मोजणी-दौरा सुरू.
२. गाडीत दोघं: मी आणि ड्रायव्हरकाका.
३. किनाऱ्याने जायचं, जंगलातून वळसा घालून निघाल्या जागी परत. नकाशावर २१२ किलोमीटर. तीन दिवस.
४. प्रत्येक गट सुरुवातीला स्वतःचा खिळा ठोकतो; मोजणी त्याच खिळ्याशी येऊन संपते. खडकात एक जुना खिळा आयताच मिळाला. त्यावरच शून्य धरलं.

दुसऱ्यांचा खिळा घेऊ नये, असं काकांचं म्हणणं. मी म्हटलं, बिंदू तो बिंदू. शिकलेल्यांपुढे आमचं काय चालणार, म्हणून हसले.

हवा छान. समुद्र डावीकडे. काकांची लेक पोटुशी आहे, दिवस भरत आलेत. त्याआधी घरी पोचलो नाही तर बायको गाडीतच बिऱ्हाड करायला लावेल, म्हणाले.

मंगळवार, ८
१४० किमी. दाट झाडी, वळणावर वळण. रस्ता आखणारा डुलक्या काढत होता, असा काकांचा निष्कर्ष. आकडे साहेबांना पाठवले. उत्तर: मिळाले.

बुधवार, ९
२१२ झाले. खिळा नाही. २३१ वर थांबलो. मोजणीचं चाक दोनदा तपासलं. चाक बरोबर आहे.

शुक्रवार, ११
३८० वरून मागे फिरलो. आता समुद्र उजवीकडे हवा. डावीकडेच आहे. 

रविवार, १३
भर दुपारी पुढे तिघं दिसले, टेपने रस्ता मोजताना. अंगात आमच्याच खात्याची जॅकेटं, रंग पार उडालेला. काकांनी काच खाली करून विचारलं, कधीपासून फिरताय. त्यांनी फक्त आकडे सांगितले. तो खिळा यांचाच, काका मला म्हणाले. हे अजून परतलेलेच नाहीत.

सोमवार, १४
डिझेल संपलं. पुढे पुन्हा तेच तिघं. त्यांना वाट विचारायला काका उतरले. एकाने टेपचं टोक पुढे केलं. भिडस्त माणूस — धरलं.

बुधवार, १६
आता चौघं आहेत. सकाळपासून हॉर्न वाजवतेय. काकांच्या गाडीतच राहिलेल्या फोनवर जावयाचा निरोप आला: मुलगी झाली, दोघी सुखरूप. मी ओरडून सांगितलं. तीनदा. काकांनी वर पाहिलं. विचारलं —
किती मीटर.

गुरुवार, १७
साहेब, चूक माझी. काकांची नाही. त्यांच्या लेकीला काय सांगू? उतरून त्यांना ओढून आणू, की आतच बसू? शुक्रवार, १८ तारखेपर्यंत उत्तर पाठवा. 'मिळाले' एवढंच नको.

चौघं गाडीपाशी आलेत. दरवाजे लावलेत. काका काचेवर टेप धरतायत — काचेपासून माझ्या